तीन मतांनी

"दादा पन्नास मतांनी पडला असता तर गप्प बसले असते," मक्याच्या सालीत पिठाचा गोळा आवळत शोर्मे पुटपुटली. "तीन मतं म्हणजे कुणीतरी आपल्याच माणसाने केलंय, वहिनी."

डेडेने टोपाचं झाकण उचलून आत पाहिलं. टोप नुकताच चुलीवर चढला होता. केंकीचे गोळे शिजायला दोन तास होते. पाहण्यासारखं आत काही नव्हतं.

वस्तीच्या निवडणुकीची मोजणी काल शाळेच्या पटांगणात झाली. अधिकारी एकेक मतपत्रिका उंच धरी आणि सगळी वस्ती एका सुरात आकडा ओरडे. बोर्टे मास्तर, दोनशे चौदा. डेडेचा नवरा टेटे, दोनशे अकरा. भावासाठी ओरडून ओरडून शोर्मेचा घसा बसला होता, म्हणून आज ती पुटपुटत होती. एरवी तिचं बोलणं थेट होड्यांपर्यंत ऐकू जाई.

"मला त्या अशाँगचाच संशय आहे. मेला न्हावी! दादाचा जिवलग म्हणवतो. काल मोजताना नजर कशी चुकवत होता, बघितलंस?"

"अशाँग नाही गं."

"तुला काय ठाऊक?"

डेडे दुसऱ्या टोपाचं झाकण उचलायला गेली.

तिला ठाऊक होतं. मतपत्रिकांवर मास्तरांच्या फोटोसमोर उमटलेल्या अंगठ्यांपैकी एक तिचा होता.

टेटे उभा राहिला तो किनाऱ्यापर्यंत रस्ता आणतो म्हणून. रस्त्याला कुणाचा विरोध असणार? मग शहरातून आखणीवाले आले आणि तिच्या केंकीच्या शेडवर लाल फुली मारून गेले. शेडमधली ती मातीची चूल तिच्या आईच्या हातची. चूल गेली तर बावीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं, घर त्याच्यावर चाललेलं. मास्तर म्हणत होते, रस्ता राहू दे, आधी गटारं करू.

तिने टेटेला एकदाच विचारलं होतं, "नाव मागे नाही का घेता येणार?"

"काकांनी जमिनीवर दारू शिंपडून पूर्वजांना सांगितलंय, आमचा टेटे उभा राहणार. आता मेलेल्यांना काय सांगू? बायको नको म्हणाली?"

ती हसली होती. मग मतदानाच्या दोन दिवस आधी त्याने कुठून तरी लाल माती आणली आणि सबंध दुपार बसून चुलीचे तडे लिंपले. पाडायची चूल कशाला लिंपतोस, असं ती म्हणाली तर म्हणाला, "तडे दिसत होते." आज तेच तिला जास्त खुपत होतं. ज्याने चूल लिंपली, त्याच्याविरुद्ध तिने अंगठा उठवला होता. सकाळपासून तिने तीन वेळा अंगण झाडलं होतं.

टेटे बाहेर आला. स्वतःचा चेहरा छापलेला प्रचाराचा टीशर्ट हातात घेऊन तो बाकडं पुसायला लागला.

"दादा, लाज वाटू दे जरा! आपल्याच तोंडाने बाकडं पुसतोस?"

"काहीतरी कामाला आलं की नाही तोंड?"

शोर्मेला हसू आलं नाही. तिने हात धुतले, कमरेचं फडकं घट्ट आवळलं. "मी चालले अशाँगच्या दुकानात. चार गिऱ्हाइकांसमोर विचारते त्याला. आज त्याच्या खुर्चीत कोण बसतं तेच बघते."

"अशाँगला काही बोलायचं नाही," टेटे म्हणाला.

"का? मित्र ना तुझा! मग कुणी केलं ते तू सांग."

टेटे बाकडं पुसत राहिला. शोर्मे फाटकापर्यंत पोचली.

"थांब," डेडे म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्याने नाही. मी केलं. मी मास्तरांना दिलं मत."

शोर्मेचं तोंड उघडंच राहिलं. डेडेने टेटेकडे पाहायचं धाडस केलं नाही.

"मला वाटलंच होतं," टेटे शांतपणे म्हणाला. "पण तू घाबरू नकोस. तुझं मत इकडे आलं असतं तर मास्तर दोनशे तेरा, मी दोनशे बारा. तरी पडलोच असतो."

शोर्मेने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. बसलेल्या घशातून तिचा जुना आवाज एकदम फुटला. "म्हणजे आणखी एक घरभेदी आहे! त्यानेही फिरवलं नसतं तर तू निवडून आला असतास!"

"आहे ना." टेटे चुलीपाशी उकिडवा बसला आणि लिंपलेल्या मातीवरून अंगठा फिरवू लागला. "काकांनी पूर्वजांना एवढंच सांगितलं होतं, टेटे उभा राहणार. टेटे मत कुणाला देणार, ते कुठे सांगितलं होतं?"