झाडीखालची टेकडी

"आमच्या टेकडीवरची झाडी दाखवा ना बाई, सगळ्यांना बघू दे!" पहिल्या रांगेतून दादासाहेब म्हणाले. गळ्यात हार, अंगावर नुकतीच पडलेली शाल. नकाशांच्या कार्यशाळेचे प्रमुख पाहुणे तेच, कॉलेजचे संस्थाचालक तेच आणि तालुक्याचे 'वृक्षमित्र'ही तेच.

त्याच टेकडीची दरड कोसळून पडद्याशेजारी उभ्या असलेल्या कुंदाचा भाऊ घरासकट गाडला गेला होता. "पायथ्याला मी कुदळसुद्धा लावलेली नाही," दादासाहेबांनी चौकशीत छातीठोकपणे सांगितलं होतं. "निसर्गाचा कोप, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंदाने दातओठ खाल्ले. दरडीच्या आदल्या हिवाळ्यात विमानातून लेझर सोडून टेकडीची इंच न् इंच मोजणी झाली होती, हे कळल्यावर भूगोलाची ही मास्तरीण पन्नाशीत पोरांशेजारी बसून ती माहिती उतरवायला आणि वाचायला शिकली.

पडद्यावर हिरवीगार टेकडी उमटली. दादासाहेब मागे वळून हसले.

"लेझरचे काही किरण पानांच्या फटींतून थेट जमिनीपर्यंत पोचतात," कुंदा शांतपणे म्हणाली. "आता तेवढेच ठेवू."

तिने बटण दाबलं. झाडं नाहीशी झाली आणि पायथ्याची खाण उघडी पडली. उभा कापलेला कडा, ट्रकचा रस्ता, आणि वर आधार सुटलेला तो अख्खा उतार.



"बंद करा ते! झाडं परत आणा!" दादासाहेब ताडकन उठले, तशी शाल खाली पडली.

कुंदाने माईक जवळ ओढला. "झाडं आणते, साहेब. माझा भाऊ तुम्ही आणा."