बुधवारची दाढी

वनमाला सलूनच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "बंडू, दाढी कर."

बंडूच्या हातातला ब्रश खाली पडला. "कुणाची, वहिनी?"

"ह्यांची. दर बुधवारी करतोस ना? आज ते ग्रामपंचायतीत माझ्या खुर्चीत बसलेत. निवडून मी आले, पण सभा ते घेतात, माझी सही तेच ठोकतात, गाव सरपंच म्हणतं तेही त्यांनाच. मग त्यांची कामं कुणी करायची? कर, अगदी गुळगुळीत."

बाकावरच्या गिऱ्हाइकांनी पेपर तोंडासमोर धरले. बंडूने घाबरत घाबरत तिच्या गालांना फेस फासला. वरच्या ओठालाही फासला.

तेवढ्यात नवरा सभा सोडून धापा टाकत आला. "अगं, काय हा तमाशा? तुला दाढी तरी आहे का?"

"तुम्हाला मतं तरी पडलीत का?" फेसातून ती म्हणाली.

बंडूने वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि आरशात बघत विचारलं, "सरपंच, मिशी ठेवू का काढू?"

"ठेव, ठेव!" नवरा सवयीने ओरडला. त्याचा हात स्वतःच्या मिशीवर गेला होता.

बंडूने मान वळवली नाही. "तुम्हाला नाही विचारलं."