धरणात टाकलेला चार्जर

गोरोबाचा पहिला ठोसा बसला तेव्हा रामहरी पडला नाही. दुसऱ्याला पडला. लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यामागं, शवविच्छेदनाच्या खोलीसमोर तो रक्त थुंकला. त्या रक्तात एक दात होता. आत ज्ञानेश्वरी होती. रामहरीची बायको, गोरोबाची धाकटी बहीण. सकाळी माकणीच्या शेतातल्या घरात ती वारली होती.

गोरोबानं त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं आणि भिंतीवर आदळलं. लग्नापासून तो रामहरीला दाजी म्हणत आला होता, अहोजाहो करत आला होता. आज ते सगळं सुटलं होतं. बहिणीचं अंग त्यानं पाहिलं होतं. उजव्या दंडावर जाडजूड काळानिळा वळ होता. किंकाळी ऐकून धावत आलेल्या शेजारणीनं तर पोलिसांना सांगितलंच होतं, की रामहरीच्या हातात काठी होती.

काठी रामहरी नाकारत नव्हता. ज्ञानेश्वरीचा फोन चार्जिंगला होता, तो उचलला आणि तिला करंट बसला, फोन मुठीत चिकटला. मूठ सुटावी म्हणून काठी हाणली, एवढंच तो सकाळपासून सांगत होता. डॉक्टरही बाहेर येऊन तेच म्हणाले. तळहात जळाला होता. शॉकनंच गेली होती.

गोरोबाचे हात जरा सैल पडले. मग हवालदार पुढं आला. हलक्या प्रतीचे चार्जर आतून फुटतात, भिंतीतली वीज सरळ वायरीत उतरते, असं त्यानं समजावलं, आणि तो चार्जर पंचनाम्याला लागेल म्हणाला. घरात शोधून तो सापडला नव्हता.

"धरणात टाकला," रामहरी म्हणाला.

कधी टाकला, ते हवालदारानं विचारलं. माहेरच्यांना कळवण्याआधीच, असं रामहरीनं सांगितलं. का टाकला, असं विचारल्यावर त्यानं तोंडातलं रक्त बाहीला पुसलं.

बायकोचं प्रेत घरात ठेवून जो माणूस आधी धरणावर जातो, त्याच्याविषयी गोरोबाला आणखी काही ऐकायचं नव्हतं. त्यानं रामहरीच्या पोटात गुडघा घातला. तो वाकला तसा पाठीत कोपर हाणला. हवालदार मधे पडला, तर त्यालाही ढकलून दिलं. पायऱ्यांवर गोरोबाची आई धुरपताबाई बसली होती.

खरंच चार्जर होता, तर कुठल्या दुकानातून घेतला ते सांग, असं गोरोबा ओरडला. पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. ते दुकान पेटवायची त्याची तयारी होती. रामहरीनं मान हलवली. एक लाथ बरगडीवर बसली. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानं पुन्हा मान हलवली. दुसरी लाथ त्याच जागेवर आली. आता त्याला श्वास घेता येत नव्हता, तरी तो नाव सांगत नव्हता, आणि त्याचं गप्प राहणं गोरोबाला खुनाची कबुलीच वाटत होती.

भिंतीकडेला बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. गोरोबानं एक उचलली. ती रामहरीच्या डोक्यावर उगारली तेव्हा कुणीतरी मागून त्याचं मनगट धरलं. धुरपताबाई होती.

"त्यो नाव सांगायचा न्हाय," ती म्हणाली. "पंचमीला पोरगी माहेरी आली, तवा तूच दिलावतास तिला. म्याच पिशवीत घातला तिच्या."

वीट तशीच वर राहिली. गोरोबाला आठवलं. सोलापूरच्या बाजारात एका हातगाड्यावर मोठ्या कंपनीचं नाव छापलेले चार्जर मिळत होते. त्यानं चार-पाच उचलले होते, घरात ज्याला त्याला वाटले होते आणि विसरून गेला होता.

जमिनीवरून रामहरीचा आवाज आला. सासूला तो मामी म्हणायचा.

"मामी, कशाला सांगितलंत? त्यास्नी कळू नये म्हणून तर टाकला म्या."

धुरपताबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तसलाच आपल्या येडशीच्या घरात भिंतीला हाय, बाबा. सून लेकराला घिऊन एकटीच हाय तितं."

वीट गोरोबाच्या हातून सुटली आणि फुटली. त्यानं खिशातून फोन काढला. बायकोचा नंबर सापडला. तो बटण दाबणार, तोच रामहरी फरशीवरून सरपटत पुढं आला आणि त्यानं गोरोबाचा हात पकडून फोन खाली ओढला.

"वैनीला लावू नगा," तो कसाबसा बोलला. "चार्जिंगला असंल तर उचलायला जातील. शेजाऱ्याला लावा. मेन स्विच पाडाय सांगा."

गोरोबा शेजाऱ्याचा नंबर शोधू लागला. हे एवढ्यात याला सुचलं कसं, ते त्याला कळेना. रामहरी सकाळपासून पहिल्यांदाच रडत होता.

"म्याच फोन लावलावता तिला," तो म्हणाला. "शेतातल्या इहिरीवरनं. लाईट आली का, इचारायला."