थांबून ऐकणं

मृण्मयी 'प'वर अडखळली की तिचा शब्द मीच पुरा करते. मला धीर नसतो. शाळेनं दिलेलं वाचनाचं अ‍ॅप मात्र थांबून ऐकायचं. दार लावून ती रोज त्याला धडा वाचून दाखवायची. दोन महिन्यांत 'पोपट' एका दमात आला.

काल कुठल्याशा क्लासमधून फोन आला. "मॅडम, मुलगी 'प'ला अडखळते ना? आमच्याकडे त्यावर कोर्स आहे."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अ‍ॅपकडून यादी येते आम्हाला."

हे मी माहेरीसुद्धा बोलले नव्हते. तिथल्या तिथे अ‍ॅप काढून टाकलं. मृण्मयी रडायला लागली. "ते मधे बोलत नव्हतं!"

"आता मला वाचून दाखव," मी म्हटलं.

"पो... पो..."

शब्द माझ्या जिभेवर आला. मी तोंड मिटून थांबले.