डीपीपाशी राखण

खांबाच्या टोकाशी पट्टा अडकवून मी तुटलेली तार जोडत होते. तेवढ्यात बांधावरून भानुदास येताना दिसला. त्याचा ऊस वाळत होता आणि वीज मी बंद केली होती. तो थेट डीपीकडे, ट्रान्सफॉर्मरखालच्या फ्यूजपेटीकडे निघाला.

काढलेले फ्यूज माझ्याच पिशवीत होते, पण त्याच्या हातात तारेचा तुकडा होता. गावात फ्यूजऐवजी तेवढ्यावरही भागतं. वर कोण चढलंय, हे कुणी बघत नाही. आमचा एक वायरमन गेल्या वर्षी असाच गेला.

"अहो, लावू नका!" मी ओरडले. वारा उलटा होता, आवाज पोचेना. घामेजल्या बोटांनी पट्ट्याचा हूक सुटेना. त्याने पेटीचं दार ओढलं. मी तार सोडून डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले, तर पेटीसमोर सासूबाई, खुरपं उगारून उभ्या. 'सोड ही मेली नोकरी' म्हणत सकाळीच भांडलेल्या. "आधी माझी सून खाली उतरू दे!"

भानुदास माघारी फिरला. मी हूक सोडवून खाली उतरले आणि सासूबाईंपाशी गेले.

"तुम्ही इथं कशा?"

"गावात कुठंही चढलीस की येते. चार महिने झाले. सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

तार अजून अर्धवटच होती.

"मग बसा जरा," मी म्हटलं, "दहा मिनिटं लागतील."

सात वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, वर चढल्यावर मी डीपीकडे वळून पाहिलं नाही.