जबाबदार माणसाचं नाव

“जबाबदार माणसाचं नाव कळवा!” रक्तपेढीच्या बंद स्क्रीनसमोर बसून तिथले संगणक सांभाळणाऱ्या मुबारकने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना रागारागाने तक्रार धाडली, खाली आपला नंबर, सोबत आपल्या सेटिंगची फाईल. ज्या फुकट मिळणाऱ्या कंटेनर इमेजवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार डब्यावर, रक्तपेढीची संगणकातली नोंदवही चालायची, ती सकाळी बदलली आणि नोंदी उघडेनात.

पाचव्या मिनिटाला फोन वाजला. “मी मिरजेहून सुनंदा कबाडे, ती इमेज सांभाळते. दादा, तुमच्या फाईलमध्ये आवृत्तीचा आकडाच नाही, नुसतं ‘लेटेस्ट’ लिहिलंय. म्हणून नवी आपोआप आली. आधी जुनी लावू, मग पोटभर भांडा.” मागे कुकरची शिट्टी झाली.

जुनी लावताच नोंदी उघडल्या. मुबारक ओशाळला. “मॅडम, ऑफिसात किती जण आहात?”

“कसलं ऑफिस! नोकऱ्या सांभाळून चौघं मिळून करतो. आणि ‘आकडा लिहा’ ही सूचना ठळक द्यायला हवी होती. ते आमचंच चुकलं.”

ती सूचना संध्याकाळी मुबारकनेच लिहून पाठवली. मग तो दुसऱ्यांच्या तक्रारींनाही उत्तरं देऊ लागला.

वर्षभराने कुणीतरी तसंच खडसावलं, “जबाबदार माणसाचं नाव कळवा!”

मुबारकने आधी त्याची फाईल उघडली, दुरुस्त केली आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.