वाटीभर मैदा

फोन वाजला तेव्हा म्हातारी वाटाणे सोलत बसली होती. सून नेहमीसारखी गच्चीवर कपडे काढायला गेली होती. हृदयाच्या दुखण्यापासून म्हातारीला जिना बंद होता, त्यामुळे गच्ची सुनेकडेच.

"आई, मी बोलतेय. वाटीभर मैदा म्हणजे किती ग्रॅम गं?"

"चाळलेला की दाबून भरलेला?"

पलीकडे वारा फडफडला. मग, "चाळलेला."

"मग सपाट वाटीला शंभर धर. दाबून भरलास तर सव्वाशे होईल, आणि केकची वीट."

पलीकडे कुणीतरी हसलं. लेकीचा आवाज फोनवर नेहमी बसलेला यायचा, मध्येच वाऱ्यावर उडून जायचा. समुद्रापलीकडून येतो म्हटल्यावर एवढं चालायचंच. म्हातारीचे कानही आता वयाला शोभतील असेच होते.

"जेवतेस ना वेळेवर?"

"हो आई."

"कधी येतेस?"

"सुट्टी मिळाली की लगेच."

"सावकाश ये. कामाची आबाळ नको."

फोन ठेवल्यावर म्हातारी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. या आवाजावरच ती दिवस काढत होती.

लेक परक्या देशात बेकरीत कामाला. समोर चांगला वजनकाटा, आणि विचारायला आई. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लहानपणी घरात तिला तागडी म्हणत. चिमूटभर मीठसुद्धा तोलून घालायची. आईच्या मुठी, वाट्या, अंदाज, काही म्हणजे काही तिला पटत नसे. एकदा तर घरातली एकूण एक वाटी काट्यावर चढवून बसली होती. त्यावरून मायलेकींची रोज जुंपायची.

"आता कशी आईची वाटी आठवते बघ तिला," मुलगा जेवताना म्हणायचा. म्हणायचा आणि ताटावरून लवकर उठायचा. डॉक्टरांनी आईला जपायला सांगितलं होतं, आणि तो खरंच जपत होता.

सून कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली. डोळे लाल झाले होते.

"वर वारा फार आहे, आत्या," ती न विचारताच म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणे. "वन्संचा फोन आला होता का?"

"आला होता."

"काय म्हणत होत्या?"

"मैदा विचारत होती."

सून मान खाली घालून घड्या घालू लागली. म्हातारीने ढिगातला एक टॉवेल हातात घेतला.

"ओलेच काढून आणलेस गं."

"आत घालते वाळत."

"राहू दे. बस इथे." म्हातारीने तिला जवळ ओढलं आणि पदराने तिचे डोळे पुसले. "आणि मैद्याचं मागेच विचारून झालंय तुझं."

सुनेच्या हातातली घडी सुटली.

"माझ्या तागडीला या घरातली वाटी न् वाटी तोंडपाठ होती, पोरी. पहिल्याच फोनला तू वाटीभर मैद्याचं वजन विचारलंस, तेव्हाच मला कळलं, माझी लेक गेली. पण फोन करत जा. उद्या साखरेचं विचार."